जुनं भरण्याचं पान क्रोममध्ये एंटर दाबताच सेव्ह होतंय (आणि ‘८ व ९ तपासले’ म्हणजे काय?)

नीरा_काठ

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेचा रोजचा भरणा २००२ साली लिहिलेल्या एका वेब-पानावर चालतो. मागे जुनं एएसपी (मायक्रोसॉफ्टचं सर्व्हरवर चालणारं स्क्रिप्ट-तंत्र), पुढे इंटरनेट एक्सप्लोरर. ज्यांनी ते लिहिलं ते गृहस्थ केव्हाच निवृत्त होऊन मुलाकडे गेले, पण पान तेवीस वर्षं बिनतक्रार चाललं. गेल्या आठवड्यात काउंटरवर नवे संगणक आले. त्यांवर इंटरनेट एक्सप्लोरर नाही (मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला त्याचा गाशा गुंडाळला), म्हणून क्रोममध्ये उघडलं.

दिसायला पान ठीक आहे. पण काउंटरवरच्या मावशी पहिल्या चौकटीत खाते क्रमांक टाकून एंटर दाबतात आणि तिथेच पावती सेव्ह होते. रक्कम नाही, तपशील नाही. सोमवारी सकाळी अकरापर्यंत सतरा रिकाम्या पावत्या पडल्या. पूर्वी एंटर दाबलं की कर्सर पुढच्या चौकटीत जायचा, आणि काही रिकामं राहिलं तर ‘रक्कम भरा’ अशी सूचना यायची. आता दोन्ही बंद. शिवाय पावतीवर साल १२५ छापलं जातंय.

मी मूळचा हार्डवेअरवाला, स्क्रिप्ट वाचता येते तेवढीच. त्या पानात तारखेच्या तपासणीशेजारी रोमन अक्षरांत एक टीप आहे: ‘८ व ९ तपासले.’ बाकी पानात एकही टीप नाही, इथेच आहे. तिचा अर्थ कुणाला लागतोय का? ती ओळ काढू का ठेवू?

खडूफळा

आधी दोन गोष्टी बघून सांगा. बॉडीच्या टॅगमध्ये किंवा चौकटींवर कळ दाबण्याच्या घटनेला काय लिहिलंय? आणि तपासणीच्या फंक्शनची पहिली अट काय आहे?

तोवर काहीही काढू नका.

नीरा_काठ

बॉडीवर लिहिलंय की की-कोड १३ असेल तर की-कोड ९ कर. बस, एवढंच.

तपासणीत वरच ‘जर डॉक्युमेंट डॉट ऑल असेल तर’ म्हणून एक मोठा तुकडा, मग ‘नाहीतर डॉक्युमेंट डॉट लेयर्स असेल तर’ म्हणून जवळपास तसाच दुसरा तुकडा, आणि सगळ्यात खाली रिटर्न ट्रू.

खडूफळा

मग तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ सापडलं. जरा सविस्तर लिहितो, कारण ज्यांनी हे लिहिलं त्यांचं काम मला फार नेटकं वाटतंय.

१३ म्हणजे एंटर, ९ म्हणजे टॅब. त्या काळी पतसंस्थांमधून काउंटरला बसणारी बहुतेक मंडळी डॉसवरच्या फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्राममधून आलेली. फॉक्सप्रोत चौकट भरली की एंटर, पुढची चौकट. हात त्यालाच बसलेले. वेब-पानावर मात्र एंटर म्हणजे ‘फॉर्म पाठव’. त्या गृहस्थांनी तुमच्या मावशींना नवी सवय लावायला सांगितलं नाही, ब्राउझरलाच वळवलं. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये दाबलेल्या कळीचा की-कोड चक्क बदलता यायचा. माणसाने एंटर दाबलं तरी ब्राउझरला टॅब दाबल्यासारखं दिसे. दुसऱ्या ब्राउझरांत ती किंमत फक्त वाचता येते. क्रोम ती ओळ मुकाट गिळतो, चूकही दाखवत नाही, आणि एंटर एंटरच राहतं.

आता तपासणी. डॉक्युमेंट डॉट ऑल ही इंटरनेट एक्सप्लोरर ४ ची खूण, डॉक्युमेंट डॉट लेयर्स ही तेव्हाच्या प्रतिस्पर्धी ब्राउझरची, नेटस्केप ४ ची. समोर कोण आहे ते ओळखायची तेव्हाची सर्रास रीत. गंमत अशी की क्रोममध्ये डॉक्युमेंट डॉट ऑल आजही आहे आणि चालतंही. त्यातून चौकट मागितली तर मिळते. पण ‘आहे का?’ असं अटीत विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. एचटीएमएलच्या मानकातच ते मुद्दाम तसं ठेवलंय, म्हणजे जुनी पानं दुसऱ्या ब्राउझरला एक्सप्लोरर समजून त्याच्या खास वाटेला लावणार नाहीत. तुमच्या पानाला तिसरी वाटच नाही. पहिली अट खोटी, दुसरी खोटी, थेट रिटर्न ट्रू, म्हणजे ‘सगळं ठीक, पाठव’. तपासणी बिघडलेली नाही, ती होतच नाहीये.

उपाय: अटी काढा, पहिल्या तुकड्यातला मजकूर तसाच ठेवा, आणि जिथे डॉक्युमेंट डॉट ऑलने चौकट घेतलीय तिथे गेट-एलिमेंट-बाय-आयडी लिहा. त्याआधी प्रत्येक चौकटीला आयडी आहे का ते बघा. जुना एक्सप्लोरर आयडी सापडला नाही तर नेमवरून शोधून द्यायचा, म्हणून त्या काळच्या पुष्कळ पानांत आयडी लिहिलेलाच नसतो. क्रोम तिथे नल (‘काहीच नाही’) देईल, स्क्रिप्ट अर्ध्यात मरेल, आणि फॉर्म तरीही जाईल. पाठवणं थांबवायला ‘फॉल्स’ परत यावा लागतो. मेलेली स्क्रिप्ट काहीच परत करत नाही.

आणि एक गोष्ट आजच करा, बाकी उद्या केलं तरी चालेल. रक्कम आकड्यात आहे का आणि शून्यापेक्षा जास्त आहे का, हे सर्व्हरवर एएसपीत तपासा. ब्राउझरमधली तपासणी ही भरणाऱ्याची सोय असते. लोकांच्या पैशाची राखण सर्व्हरनेच केली पाहिजे.

अर्धविराम

‘८ व ९ तपासले’ वाचून अंगावर काटा आला. नीरा_काठ, त्या टिपेच्या खालच्या ओळीत पहिलं अक्षर शून्य असेल तर ते उडवून टाकलंय का?

नीरा_काठ

हो! दिवस आणि महिना, दोन्हींसाठी. तुम्हाला कसं कळलं?

अर्धविराम

कारण मी त्यात दोन दिवस घालवलेत.

मजकुराचा आकडा करायला जावास्क्रिप्टमध्ये पार्स-इंट आहे. त्या काळी मजकूर शून्याने सुरू झाला की बरेच ब्राउझर त्याला अष्टमान पद्धतीतला आकडा समजायचे, सी भाषेतून आलेली सवय. अष्टमानात ० ते ७ एवढेच अंक. म्हणून ‘०७’ चे सात व्हायचे, पण ‘०८’ वाचताना पहिलं शून्य घेऊन गाडी आठपाशी थांबायची, कारण आठ हा तिथे अंकच नाही. उत्तर शून्य. ‘०९’ चंही शून्य. ‘१०’ परत ठीक.

म्हणजे जानेवारी ते जुलै पान सुरळीत, ऑगस्ट उजाडला की ‘महिना चुकीचा आहे’, सप्टेंबरमध्येही तेच, ऑक्टोबरात आपोआप बरं. दिवसांचं तसंच, दर महिन्याच्या आठ आणि नऊ तारखेला. माझं पान मी अकरा तारखेला लिहून दिलं होतं. पुढच्या महिन्यात आठ तारखेला फोन आला. मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं, तेव्हाही चालेना. घरी येऊन विचार करकरून दहा तारखेला परत गेले, तर चालू! ग्राहकाला काय सांगावं ते सुचेना. शेवटी कागदावर १ ते १२ लिहून एकेक आकडा टाकून बघितला तेव्हा आठ आणि नऊवर बोट आलं.

खरा उपाय पार्स-इंटला दुसरा आकडा म्हणून १० देणं, म्हणजे दशमानातच वाच. तुमच्या गृहस्थांनी पुढचं शून्यच उडवलं, तेही बरोबर. २००९ च्या ईसीएमएस्क्रिप्ट ५ ने, म्हणजे जावास्क्रिप्टच्या मानकाच्या पाचव्या आवृत्तीने, ही अष्टमानाची सवय मोडली, त्यामुळे आज ती ओळ नसली तरी चालेल. पण मी असते तर ठेवली असती, टिपेसकट.

सालाचं सांगते. गेट-इयर नावाचं फंक्शन सुरुवातीला १९०० वजा करून साल द्यायचं, १९९९ ला ९९. लोक त्यापुढे ‘१९’ चिकटवायचे. १ जानेवारी २००० ला नेटस्केपने १०० दिलं आणि कितीतरी पानांवर १९१०० साल झळकलं. एक्सप्लोररने तिथे पूर्ण २००० द्यायचं ठरवलं होतं, म्हणून तुमचं पान आजवर बरोबर छापत होतं. क्रोम नेटस्केपच्या हिशोबाने चालतो: २०२५ वजा १९०० म्हणजे १२५. गेट-इयरच्या जागी गेट-फुल-इयर लिहा, एका शब्दाचं काम आहे.

पश्चिमवारा

मोठ्या मनाने लिहिताय सगळे. वाचनखूण साठवली.

नवीन मुलांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो, कारण ‘दोन तुकडे का लिहिले’ हा प्रश्न पडेल. जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा ब्रेंडन आइकने नेटस्केपमध्ये मे १९९५ मध्ये दहा दिवसांत केला. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये एक्सप्लोरर ३ सोबत स्वतःचं जेस्क्रिप्ट आणलं. १९९७ च्या जूनमध्ये भाषेचं मानक आलं, पण ते नुसत्या भाषेचं. पानावरची चौकट स्क्रिप्टच्या हाती कशी द्यायची हे त्यात नव्हतंच. ते डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ऑक्टोबर १९९८ च्या डॉम या मानकाने सांगितलं, तोवर दोन्ही कंपन्यांचे चौथे ब्राउझर घराघरांत पोचले होते. मधली काही वर्षं आम्ही प्रत्येक गोष्ट दोनदा लिहिली.

नेटस्केप ४ मध्ये फॉर्मच्या टॅगबाहेर टेक्स्टबॉक्स टाकला तर तो दिसायचाच नाही. टेबलचा शेवटचा टॅग विसरला तर अख्खं पान कोरं. यादीतून निवडलेली किंमत सरळ मागता येत नसे. आधी कितवा पर्याय निवडलाय तो क्रमांक घ्यायचा, मग त्या क्रमांकाच्या पर्यायाची किंमत. आणि चूक शोधायला अलर्ट, म्हणजे पानावर उगवणारी सूचनेची छोटी खिडकी. पंचवीस अलर्ट टाकायचे आणि कोणत्या आकड्यानंतर पान गप्प होतं ते बघायचं. नेटस्केपमध्ये पत्त्याच्या पट्टीत नुसतं ‘जावास्क्रिप्ट’ आणि विसर्गचिन्ह टाइप केलं की चुकांची खिडकी उघडायची, हे मला कळलं तो दिवस अजून आठवतो.

तुमच्या पानात नेटस्केपचा तुकडा २००२ सालीही आहे याचा अर्थ लिहिणाऱ्याने उद्या संस्था कोणता ब्राउझर वापरेल हे गृहीत धरलं नव्हतं.

नीरा_काठ

खडूफळा सर, अर्धविराम ताई, पश्चिमवारा, मनापासून आभार. सर्व्हरवरची तपासणी काल रात्रीच घातली. गेट-फुल-इयर केलं, साल बरोबर आलं. रिकामी चौकट राहिली की सूचना परत येते. आयडी खरंच सात चौकटींना नव्हते.

एंटरसाठी असं लिहिलं: कळ १३ असेल तर प्रिव्हेंट-डिफॉल्ट (ब्राउझरचं नेहमीचं काम थांबवणं), मग फॉर्मच्या चौकटींच्या यादीत सध्याची शोधून पुढच्या चौकटीवर फोकस. लपवलेल्या आणि बंद चौकटी वगळल्या. मस्त चालतंय. पण शेवटच्या चौकटीत एंटर दाबल्यावर सेव्ह व्हावं म्हणून फॉर्म डॉट सबमिट लिहिलं, तर कन्सोल म्हणतो की सबमिट हे फंक्शनच नाही. हे कसं शक्य आहे?

दुसरी_शिफ्ट

बटणाचं नेम बघा. ‘सबमिट’ असणार.

फॉर्ममधल्या प्रत्येक चौकटीचं नाव त्या फॉर्मला गुणधर्म म्हणून चिकटतं. बटणाचं नाव सबमिट ठेवलं की फॉर्म डॉट सबमिट म्हणजे ते बटण, फंक्शन त्याच्याखाली झाकलं गेलं. बटणाला हाक मारून काय होणार? हा दोष नेटस्केपच्या काळापासून आहे आणि आजच्या प्रत्येक ब्राउझरमध्ये आहे.

आता लगेच नाव बदलायला जाऊ नका. एएसपीत ‘सबमिट नावाची किंमत आली असेल तरच सेव्ह कर’ असं असण्याची दाट शक्यता आहे. आणि नाव बदलून फंक्शन चाललं तरी दोन अडचणी राहतात. स्क्रिप्टने फॉर्म पाठवला की ऑन-सबमिटमधली तपासणी धावत नाही, आणि बटणाची किंमतही सोबत जात नाही. म्हणून शेवटच्या चौकटीवरून त्या बटणालाच क्लिक करायला सांगा. तपासणीही होईल, किंमतही जाईल, नाव बदलायची गरज नाही.

पिग्मीचं पान पण तिथेच आहे का? असेल तर मला एक सांगा, ‘सगळे निवडा’ सगळ्या एजंटांना चालतं का?

नीरा_काठ

नेम सबमिटच होतं. बटणाला क्लिक करायला सांगितलं, झालं काम!

पिग्मीचं पान आहे. एका एजंटाची जुनी तक्रार आहे की त्याला ‘सगळे निवडा’ कधीच चाललं नाही. त्याच्याकडे आता एकच खातं उरलंय, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही.

दुसरी_शिफ्ट

एकच खातं, म्हणूनच. एका नावाचे पाच चेकबॉक्स असले की फॉर्म डॉट ते-नाव मागितल्यावर यादी मिळते आणि तिची लांबी पाच. एकच असला तर यादी नाही, थेट तो चेकबॉक्स मिळतो, आणि चेकबॉक्सला लांबी नसते. लूप एकदाही फिरत नाही. गेट-एलिमेंट्स-बाय-नेम वापरा, एक असला तरी ते यादीच देतं.

पण मी विचारलं ते दुसऱ्या भीतीने. त्या पानावर प्रत्येक ओळीत चेकबॉक्स आणि शेजारी रकमेची चौकट असेल, आणि सगळ्या ओळींत दोघांची नावं तीच असतील, तर नीट ऐका.

मी एका दूध संस्थेचं बिलाचं पान लिहिलं होतं. ओळीला चेकबॉक्स, त्यात उत्पादकाचा क्रमांक, शेजारी रक्कम. सर्व्हरवर दोन याद्या यायच्या आणि मी पहिल्याला पहिली, दुसऱ्याला दुसरी अशी जोडी लावायचो. सगळ्यांना टिचक्या (टिकच्या खुणा) असत तेव्हा कधी चुकलं नाही. दहा दिवसांच्या एका बिलाला तिसऱ्या उत्पादकाचं बिल थांबवायचं होतं, त्याची टिचकी काढली. टिचकी नसलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. रकमेची चौकट मात्र पाठवतो. क्रमांक आले १, २, ४, ५ आणि रकमा आल्या पाचही. चौथ्याच्या नावावर तिसऱ्याची रक्कम, पाचव्याच्या नावावर चौथ्याची, खालपर्यंत सगळी रांग सरकली. पान चूक दाखवत नव्हतं, बेरीजही पटण्यासारखी होती. ज्या बाईंना बावीस लिटरचे पैसे चार लिटरच्या हिशोबाने मिळाले त्या वही घेऊन आल्या तेव्हा कळलं. तिथून पुढे मी रकमेच्या चौकटीच्या नावातच क्रमांक घालतो, रक्कम_१०४७ असं. मग रांगेवर काही अवलंबून राहत नाही.

तुमचं पान आज बघा. मधल्या ओळीची टिचकी काढून, खोट्या रकमा घालून, एकदा पाठवून बघा.

नीरा_काठ

बघितलं. तिथे चौकटीच्या नावात खाते क्रमांक आधीच आहे. पाठीवरून ओझं उतरलं.

आता शेवटचं विचारतो. सभासदांच्या यादीत मराठी नावं आहेत. पानावर नीट दिसतात, पण एक्सेलमध्ये घेतली की ‘&#२३६०;’ असे आकडे येतात, आणि नावाने शोध तर कधीच लागत नाही.

तळटीप

या प्रश्नावर मी बरीच वर्षं काढली आहेत, लिहितो.

पानाच्या वर अक्षरसंच काय लिहिलाय बघा. आयएसओ-८८५९-१ असेल, किंवा काहीच नसेल. त्या संचात देवनागरी नाही. मग फॉर्म पाठवताना ब्राउझर प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी त्याचा युनिकोड क्रमांक, आधी ‘&#’ आणि शेवटी अर्धविराम लावून पाठवतो. क चं ‘&#२३२५;’. तुमच्या डेटाबेसात नाव नाहीच, आकड्यांची माळ आहे. पानावर ब्राउझर ती परत अक्षरांत दाखवतो म्हणून तेवीस वर्षं कुणाला कळलं नाही.

अडचण लांबीची आहे. एका अक्षराला सात जागा, आणि काना-मात्रा-वेलांटी ही स्वतंत्र अक्षरं. समजा नावाचा रकाना ६० जागांचा आहे. ‘सुलोचना’ म्हणजे स, उकार, ल, ओकार, च, न, काना: सात अक्षरं, ४९ जागा. मग रिकामी जागा, ५०. ‘कुलकर्णी’चा क बसला, ५७. उकाराचे तीनच अंश बसतात, ‘&#२’, आणि पुढचं सगळं कापलं जातं. काही डेटाबेस अशा वेळी चूक दाखवतात. मायएस्क्यूएल जुन्या काळी गुपचूप कापायचं, आणि बऱ्याच एएसपी पानांत लिहिणारेच आधी कापून ठेवायचे.

आमच्या मंडळाच्या पानावर हेच झालं होतं. तेव्हा मी टेक्स्टबॉक्समध्ये रोमन कळांवरून मराठी उमटवायची स्क्रिप्टही लिहीत होतो. गमभनसारखी साधनं पुढे सगळीकडे पोचली, पण त्याआधी प्रत्येकाने आपापली खटपट केली. के दाबलं की क् उमटवायचा आणि पुढे ए आलं की मागे जाऊन हलन्त पुसायचा. मागे जायचं म्हणजे कर्सर कुठे आहे ते कळलं पाहिजे. एक्सप्लोररमध्ये निवडीचा रेंज घेऊन तो एक अक्षर मागे ताणायचा, फायरफॉक्समध्ये सिलेक्शन-स्टार्टचा आकडा घेऊन मजकूर तिथे तोडून जोडायचा. फायरफॉक्समध्ये मजकूर जोडला की लांब लेखाची चौकट उडी मारून वर जायची, लिहिणाऱ्याला आपली ओळ दिसेना. स्क्रोल-टॉप आधी जपून ठेवायचा आणि नंतर परत लावायचा, या दोन ओळी सापडायला मला एक आख्खा रविवार लागला.

शोधाबद्दल एक इशारा. आकड्यांची अक्षरं केल्यावरही ‘ऱ्य’ असलेली नावं निसटतील. ‘दऱ्या’ मधला ऱ दोन तऱ्हांनी साठवता येतो: नुक्त्याचा स्वतंत्र ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना एकच, यंत्राला वेगळे. सगळी एकाच तऱ्हेला आणून ठेवा.

क्रम असा धरा. आधी पूर्ण डेटाबेसची प्रत काढून बाजूला ठेवा. नवा रकाना युनिकोडचा करा, जुना तसाच राहू द्या. आकड्यांची अक्षरं करून नव्यात भरा. ज्यांच्या शेवटी ‘&’ पासून अर्धवट तुकडा उरलाय ती नावं वेगळी काढा. मग पानाला आणि एएसपीला दोघांनाही यूटीएफ-८ सांगा. एकालाच सांगितलंत तर नवीन नावंही बिघडतील.

नीरा_काठ

तळटीप, तुम्ही लिहिलं तसंच निघालं. रकाना ६० चाच होता. शनिवारी बसून केलं. १,१४० सभासदांपैकी १,१०२ नावं पूर्ण आली, शोध लागतोय, ‘मोऱ्यां’सकट.

आज सोमवार, मावशींनी सकाळपासून क्रोमवर भरणा घेतला, एंटरवर एंटर. रिकामी पावती एकही नाही. ‘८ व ९’ची ओळ टिपेसकट तशीच ठेवली आहे, शेजारी या धाग्यातला अर्धविराम ताईंचा खुलासा लिहिला.

उरलेली ३८ नावं कापलेली आहेत. सचिवांनी कपाटातून मूळ सभासद नोंदवही काढून दिलीय, उद्यापासून तीवरून बघून एकेक टाइप करतो.